दुसरे कार्ड जागे आहे का?

आपल्या बेटावरील कितीतरी मराठी घरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी एबेनच्या संगणकनगरीत, बँकेत, विमानतळावर, इस्पितळात किंवा सरकारी खात्यात ‘नेटवर्क’चे काम करते. कधी कधी रात्री अकरा वाजता घरातून निघावे लागते आणि पहाटे परतावे लागते. आईवडिलांनी विचारले तर “स्विचचे कार्ड बदलायचे होते” एवढेच उत्तर मिळते. घरच्यांना साहजिकच वाटते की एक कार्ड बदलायला रात्रभर जागायचे काय कारण? म्हणून हे कार्ड म्हणजे काय, ते कोठे व कसे बसवतात, आणि बसवून झाल्यावरही खरे काम का उरते, हे आज आपण समजून घेऊ. विषय यंत्राचा आहे, पण त्यातला मुद्दा कोणालाही कळण्याजोगा आहे. राखीव म्हणून ठेवलेली वस्तू वेळेला कामी येईल की नाही, हे वेळ येण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.

पेटी आणि तिचा मेंदू

कार्यालयातील संगणक, टेलिफोन, छपाईयंत्रे तारांनी ज्या यंत्राला जोडलेली असतात त्याला स्विच म्हणतात. घरात किंवा लहान दुकानात तो पुस्तकाएवढा असतो. मोठ्या संस्थेत मात्र घरातल्या छोट्या फ्रिजएवढी लोखंडी पेटी असते. तिला चासी म्हणतात. तिच्यात कपाटाच्या कप्प्यांसारखे आडवे स्लॉट असतात आणि प्रत्येक स्लॉटमध्ये एक कार्ड सरकवलेले असते. बहुतेक कार्डांच्या तोंडाशी तारा जोडण्याच्या जागा असतात. एखाद-दुसरे कार्ड मात्र वेगळ्या कामाचे असते, ते म्हणजे प्रोसेसर कार्ड. सिस्को कंपनीच्या यंत्रांत त्याला ‘सुपरवायझर’ असे नाव आहे.

टपालकचेरीचा दाखला घेतला तर हे लवकर कळेल. तारा जोडलेली कार्डे म्हणजे पत्रे वेगवेगळ्या पिशव्यांत टाकणारे कर्मचारी. प्रोसेसर कार्ड म्हणजे पोस्टमास्तर. कोणत्या गावाची पत्रे कोणत्या पिशवीत जायची याची यादी तो ठेवतो, शेजारच्या कचेऱ्यांशी बोलत राहतो आणि कोठे रस्ता बंद झाला तर यादी बदलून सर्वांना सांगतो. पोस्टमास्तर अचानक उठून गेला, तर जुन्या यादीच्या आधारे थोडा वेळ काम रेटता येईलही. पण नवा पत्ता आला किंवा वाट बंद झाली, तर सांगणारा कोणी नाही. शिवाय कित्येक यंत्रांत एका कार्डाकडून दुसऱ्या कार्डाकडे जाणारा रस्ताही प्रोसेसर कार्डावरच असतो. म्हणजे पोस्टमास्तर जाताना कचेरीची किल्लीही घेऊन जातो! पेटीत असे एकच कार्ड असेल आणि तेच बंद पडले, तर त्या पेटीचे सगळे काम थांबते.

म्हणून मोठ्या पेट्यांत प्रोसेसर कार्डासाठी दोन स्लॉट राखलेले असतात. एक कार्ड काम करते, दुसरे तयारीत बसते. ही युक्ती आजची नाही. १९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सक्कासुना येथे बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, त्यातही दोन प्रोसेसर होते. ४० वर्षांत मिळून २ तासांपेक्षा अधिक काळ एक्स्चेंज बंद राहू नये, असे उद्दिष्ट त्या अभियंत्यांनी डोळ्यांपुढे ठेवले होते.

बसवण्याची रीत

नमुना म्हणून सिस्कोच्या ‘कॅटॅलिस्ट ६५००’ मालिकेतील पेटी घेऊ. १९९९ साली ही मालिका बाजारात आली आणि जगभरच्या बँका, विद्यापीठे, विमानतळ यांत तिने दीर्घकाळ सेवा दिली. कंपनीची नवी यंत्रे आता वेगळ्या नावाची आहेत, पण कार्ड बसवण्याचे मूळ नियम फारसे बदललेले नाहीत.

पहिला नियम असा की कार्ड कोणत्याही स्लॉटमध्ये बसवून चालत नाही. ६५०९ या नऊ स्लॉटच्या पेटीत ‘सुपरवायझर ७२०’ हे कार्ड पाचव्या किंवा सहाव्या स्लॉटमध्येच चालते. त्याच पेटीत त्याआधीच्या पिढीचे सुपरवायझर पहिल्या व दुसऱ्या स्लॉटमध्ये बसत असत. तेव्हा “जुने होते तेथेच नवे बसवू” म्हणून चालत नाही. आजच्या ‘कॅटॅलिस्ट ९४००’ मालिकेतही सात स्लॉटच्या पेटीत ही जागा तिसरी व चौथी आहे, दहा स्लॉटच्या पेटीत पाचवी व सहावी.

दुसरा नियम विजेचा आणि वाऱ्याचा. अधिक काम करणारे कार्ड अधिक तापते. सुपरवायझर ७२० बसवायचे तर ६५०९ च्या पेटीत जोरदार पंख्यांचा नवा संच आणि किमान २५०० वॅटचा वीजपुरवठा लागे. हे आधी न पाहता कार्ड विकत घेतले, तर ते खोक्यातच पडून राहायचे.

तिसरा नियम तयारीचा. काम सुरू करण्यापूर्वी यंत्रातील सगळ्या मांडणीची, म्हणजे ‘कॉन्फिगरेशन’ची, एक प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवतात. कोणती तार कोठे आहे याची नोंद करतात, तारांना चिठ्ठ्या लावतात. आपला संगणक यंत्राच्या ‘कन्सोल’ या खास जागेला सरळ तारेने जोडतात, कारण नेटवर्कच बंद पडले तर नेटवर्कवरून यंत्राशी बोलणार कसे?

मग प्रत्यक्ष हातकाम. मनगटाला एक पट्टा बांधून त्याचे दुसरे टोक पेटीच्या उघड्या धातूला लावतात. आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज साधारण ३००० व्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय आपल्याला टोचत नाही, पण कार्डावरचा नाजूक भाग काही शे व्होल्टनेही दुखावू शकतो. गंमत अशी की तो लगेच मरत नाही. कधी कधी महिनोन्‌महिने लंगडत चालतो आणि मग भलत्याच दिवशी बसतो. म्हणून पट्ट्याचा कंटाळा करू नये.

कार्ड धातूच्या कडांना धरावे, मागच्या जोडणीला बोट लावू नये. रिकाम्या स्लॉटवरची झाकणाची पट्टी काढून जपून ठेवावी. बॅटरी घेऊन आत डोकवावे आणि मागच्या भिंतीवरची एखादी सुई वाकली तर नाही ना, हे पाहावे. मग दोन्ही बाजूंच्या खाचांवरून कार्ड सावकाश सरकवावे, शेवटी दोन्ही टोकांच्या कळा एकाच वेळी आत दाबाव्यात आणि दोन्ही स्क्रू घट्ट करावेत. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजून थांबावे. पेटी चालू असतानाही कार्ड घालता-काढता येते, कारण जोडणीतील सुया कमी-अधिक लांबीच्या केलेल्या असतात आणि योग्य क्रमाने टेकतात. पण हा क्रम साधायचा तर हात न थांबता आणि न धसकता चालला पाहिजे. अर्धवट घालून पुन्हा ओढणे हे सर्वांत वाईट.

कार्ड बसले की दिवे बोलू लागतात. स्थिती दाखवणारा दिवा तपासणी चालू असेपर्यंत नारिंगी, सर्व ठीक असेल तर हिरवा, तपासणी फसली तर लाल. दुसरा एक दिवा कोण कामावर आहे ते सांगतो: काम करणाऱ्या कार्डावर हिरवा, राखीव कार्डावर नारिंगी. येथे पुष्कळ जण समाधानाने घरी जातात. खरे काम मात्र येथून पुढे असते.

राखीव कार्डाच्या तीन अवस्था

आपल्या भजनी मंडळीचे उदाहरण घ्या. मुख्य गायकाचा आवाज ऐन रंगात बसला तर दुसऱ्याने भजन उचलायचे असते. हा दुसरा गायक घरी झोपलेला असेल तर त्याला उठवून, कपडे करून आणेपर्यंत मंडपातील लोक उठून जातील. तो मंडपात बसलेला आहे, पुस्तकही उघडे आहे, पण कोणती ओळ चालू आहे याकडे त्याचे लक्ष नाही, तर त्याला पाने चाळावी लागतील. आणि तो मनातल्या मनात प्रत्येक ओळ बरोबरीने म्हणत असेल, तर ज्या शब्दावर आवाज तुटला त्याच शब्दापासून तो उचलेल.

राखीव कार्डाच्या अगदी याच तीन अवस्था आहेत. कॅटॅलिस्ट ६५०० मध्ये पहिल्या अवस्थेत, जिला ‘आरपीआर’ म्हणतात, राखीव कार्ड अर्धवट जागे असते. बदल व्हायला २ मिनिटे किंवा अधिक लागतात आणि पेटीतील इतर कार्डेही नव्याने सुरू होतात. दुसऱ्या ‘आरपीआर प्लस’ अवस्थेत साधारण अर्धा मिनिट किंवा अधिक. तिसरी ‘एसएसओ’. तीत काम करणारे कार्ड आपली प्रत्येक नोंद राखीव कार्डाला पोचवत राहते आणि बदल ३ सेकंदांच्या आत होतो. टेलिफोनवर बोलणाऱ्याला क्षणभर आवाज अडखळल्यासारखे वाटेल, एवढेच.

आता मुख्य गोष्ट. ही तिसरी अवस्था आपोआप मिळत नाही. दोन्ही कार्डे एकाच प्रकारची हवीत आणि दोहोंवर एकाच आवृत्तीचा प्रोग्राम हवा. आवृत्तीत फरक असेल तर यंत्र निमूटपणे पहिल्या, झोपाळू अवस्थेत उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन कार्डे दिसतात, दिवेही लागलेले दिसतात. फरक कळतो तो संकटाच्या दिवशी.

म्हणून तंत्रज्ञ कन्सोलवर विचारपूस करतो. ‘शो मोड्यूल’ अशी आज्ञा दिली की कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे ते दिसते. ‘शो रिडंडन्सी स्टेट्स’ अशी आज्ञा दिली की राखीव कार्डाची खरी अवस्था कळते. तेथे ‘स्टँडबाय हॉट’ असे शब्द दिसले तरच तो बरोबरीने गाणारा गायक आहे असे समजावे. आणखी एक लहानसा अंक पाहायचा असतो, कॉन्फिगरेशन रजिस्टर. तो सामान्यतः शून्य-एक्स-२१०२ असावा. एखाद्याने कधीतरी विसरलेला पासवर्ड काढताना तो २१४२ करून तसाच ठेवला असेल, तर यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना साठवलेली सगळी मांडणी बाजूला ठेवून कोऱ्या पाटीने उभे राहते. एका आकड्याने एवढा अनर्थ!

परीक्षेवाचून भरवसा नाही

एवढे पाहिल्यावरही एक पायरी उरते आणि नेमकी तीच टाळली जाते. ‘रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर’ ही आज्ञा देऊन काम करणाऱ्या कार्डाला मुद्दाम खाली बसवायचे आणि राखीव कार्ड खरोखर उठते का, ते पाहायचे. दुसऱ्या संगणकावरून दर सेकंदाला बाहेर एक हाक मारत राहायचे आणि किती हाकांना उत्तर आले नाही ते मोजायचे. खाली बसवलेले कार्ड पुन्हा सुरू होऊन राखीव जागेवर ‘हॉट’ होईपर्यंत धीर धरायचा, आणि मगच उलटी परीक्षा घ्यायची. घाईने दुसरी आज्ञा दिली तर दोन्ही गायक एकदम मंडपाबाहेर!

कार्ड काढतानाही हीच शिस्त. काम करणारे कार्ड कधीही सरळ ओढू नये. आधी काम दुसऱ्याकडे सोपवावे, खात्री करावी, मग स्क्रू सोडावेत. रिकाम्या जागी झाकणाची पट्टी परत लावावी, नाहीतर पंख्यांचा वारा त्या भोकातून निघून जातो आणि बाकीची कार्डे तापतात. सुपरवायझर ७२० सारख्या कार्डावर तारा जोडण्याच्या स्वतःच्या जागाही असतात आणि त्या राखीव अवस्थेतही चालू राहतात. शेजारच्या यंत्राकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकाच कार्डावर असतील तर ते कार्ड निघताच दोन्ही तुटतात. एक तार एका कार्डावर आणि दुसरी दुसऱ्यावर हवी.

ही परीक्षा घ्यायला वरिष्ठ सहसा राजी नसतात. “चालते आहे ना, मग हात कशाला लावता?” असे ते म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. परीक्षेतही काही बिघडू शकते. पण रविवारी रात्री, चार माणसे हजर असताना, जुन्या मांडणीची प्रत हाताशी असताना जे बिघडेल ते तासाभरात सावरता येते. तेच सोमवारी सकाळी दहा वाजता, बँकेत रांग लागलेली असताना बिघडले तर? राखीव कार्ड निकामी आहे हे त्या दिवशी कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेले बरे, हे हिशेबी माणसाला पटायला हवे.

दोन्ही कार्डे एकाच खड्ड्यात

दुसरे कार्ड कशापासून वाचवते आणि कशापासून नाही, हेही नीट ओळखले पाहिजे. १५ जानेवारी १९९० या दिवशी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे दूरच्या अंतराचे टेलिफोनजाळे सुमारे ९ तास लंगडले होते. त्या जाळ्यात ११४ मोठी एक्स्चेंजे होती. न्यू यॉर्कच्या एका एक्स्चेंजला किरकोळ बिघाड जाणवला, ते काही सेकंद थांबून स्वतःला सावरून पुन्हा उभे राहिले आणि “मी आलो” असे शेजाऱ्यांना कळवू लागले. त्या संदेशांपैकी दोन अगदी पाठोपाठ आले की ऐकणाऱ्या एक्स्चेंजचा प्रोसेसर गोंधळून खाली बसे. त्याच्या जागी राखीव प्रोसेसर उठे. पण त्याच्यावरही तोच प्रोग्राम होता, त्यालाही तसेच दोन संदेश मिळत आणि तोही बसे. सावरून उठलेले प्रत्येक एक्स्चेंज पुन्हा शेजाऱ्यांना पाडी. चूक होती आदल्या डिसेंबरात सर्व एक्स्चेंजांवर चढवलेल्या नव्या प्रोग्रामच्या एका ओळीत. अखेर अभियंत्यांनी या संदेशांची गर्दी कमी केली, तेव्हा जाळे स्थिर झाले.

यावरून दिसते की दुसरे कार्ड धातू आणि विजेच्या बिघाडापासून वाचवते. चुकीच्या प्रोग्रामपासून नाही, आणि माणसाच्या चुकीच्या आज्ञेपासूनही नाही. आजच्या यंत्रात तर एका कार्डावर दिलेली चुकीची आज्ञा क्षणात दुसऱ्यावरही उतरते, कारण दोघांनी बरोबरीने गायचे हेच ठरलेले आहे. त्यावर उपाय म्हणजे जुना चालणारा प्रोग्राम आणि जुनी मांडणी यांची प्रत पेटीबाहेर सुरक्षित ठेवणे, आणि नवा प्रोग्राम एकाच दिवशी सर्व यंत्रांवर न चढवणे.

बेटावर राहणाऱ्यांनी

एकाच दोरीवर भार टाकू नये, हे बेटावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. १८९३ साली झांझिबारहून सेशेल्समार्गे तारायंत्राची केबल मॉरिशसला आली. २००२ साली बे द्यु जाकोते येथे ‘सेफ’ ही प्रकाशतंतूंची केबल किनाऱ्याला लागली आणि आपण एकीकडे दक्षिण आफ्रिकेशी व दुसरीकडे भारत आणि मलेशियाशी जोडले गेलो. पुढे ‘लायन’ आणि ‘मेटिस’ या आणखी केबली आल्या. समुद्रातून इतके रस्ते केले. पण ते सगळे शेवटी जमिनीवरच्या कुठल्यातरी खोलीतल्या पेटीतूनच आपल्यापर्यंत येतात. त्या पेटीत झोपाळू राखीव कार्ड असेल तर समुद्रातील सगळा खर्च त्या क्षणी फुकट.

आपल्याला आणखी दोन अडचणी आहेत. मोठ्या देशात सुटा भाग शेजारच्या शहरातून काही तासांत येतो. बेटावर तो बऱ्याचदा विमानाने यावा लागतो. आणि नोव्हेंबर ते मे आपला वादळांचा काळ. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की माणसाने घरात राहायचे असते. तेव्हा कार्ड बदलायला कोण आणि कसा जाणार? १९७५ सालचे जर्व्हेज वादळ ज्येष्ठांना आठवत असेल, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून वाहिलेले पाणी तर सर्वांनीच पाहिले. छपराचे पत्रे, खिडक्यांच्या फळ्या, कंदील आपण ऑक्टोबरातच तपासतो. राखीव कार्डाची परीक्षाही त्याच यादीत हवी.

आपल्या वाचकांपैकी कोणी शाळेच्या समितीवर आहे, कोणी व्यापारात, कोणी सरकारी अधिकारपदावर. कार्डाची माहिती नसली तरी आपल्या तंत्रज्ञाला चार प्रश्न विचारता येतात. दोन्ही कार्डांवर एकच आवृत्ती आहे का? राखीव कार्ड मुद्दाम काम सोपवून शेवटी केव्हा तपासले, तारीख काय? मांडणीची प्रत इमारतीबाहेर कोठे आहे? आणि दोन कार्डांना वीज दोन वेगळ्या वाटांनी येते की एकाच बटणातून? उत्तरे तारखेसह आली तर निर्धास्त राहावे. “दोन कार्डे आहेत, काळजी नको” एवढेच उत्तर आले तर काळजी करावी, आणि परीक्षेसाठी एका रविवार रात्रीची लेखी परवानगी आपण होऊन द्यावी. ती मागण्याचे धाडस तरुण तंत्रज्ञाला नेहमीच होत नाही.